गिटारअप्पांचा सूर आणि माझं बटण

आमच्या गंगाखेडात एक गैरसमज आहे, की गिटारअप्पांचं बोट पाथरीच्या लग्नात कामातून गेलं. तो गैरसमज मी पसरू दिला. बोटाला काहीही झालेलं नव्हतं. मी एक बटण शून्यावर नेलं होतं, आणि विचारल्यावर खोटं बोललो होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण एखादी गोष्ट नंतर सांगू असं ठरवलं की मी ती सांगतच नाही, हा माझा स्वतःबद्दलचा अनुभव आहे.

गिटारअप्पांचं खरं नाव रेशनकार्ड आणि जिनिंगचा हजेरीपट सोडून कुणी कुठे वापरलं नसेल. परभणी रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये ते प्रेसवर होते. सरकी काढलेला कापूस पेटीत दाबून त्याच्या गाठी बांधायच्या, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. उंच माणूस, कपाळावर भस्माचे तीन ठसठशीत पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि त्यावर लालभडक इलेक्ट्रिक गिटार. गिटार अडकवण्याआधी ते लिंग हळूच डाव्या खांद्याकडे सरकवायचे आणि म्हणायचे, “सरका महाराज, जरा जागा द्या.” गिटारीला लागणारी जागा देव रोज न कुरकुरता देतो, पण घरची माणसं देत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. काकू, म्हणजे अप्पांची बायको, गिटारीला ‘लाल सवत’ म्हणायच्या आणि तिच्यावरची धूळही त्याच पुसायच्या.

माझा धंदा मंडप आणि साउंडचा. अप्पा मला कधी नावाने हाक मारत नसत. “बटनराव” म्हणायचे. भजन असो, लग्न असो, अप्पा समोर आणि मी बाजूच्या टेबलावर मिक्सर घेऊन, अशी आमची नऊ-दहा वर्षं गेली.

अप्पांना एकच वेड होतं, सूर लांबला पाहिजे. त्यांचं लहानपण भजनातल्या पेटीजवळ गेलेलं. पेटीचा सूर भात्यात हवा असेपर्यंत राहतो, सनईचा छातीत दम असेपर्यंत. “आन् ही बया,” गिटारीवर थाप मारून ते म्हणायचे, “हिचा सूर जल्मला की मरायलाच लागतो. लोकायनं आयकायच्या आत तेराव्याचं जेवन.” त्यांच्या मते कुठल्याही वादकाचं अर्धं आयुष्य सूर काढायला शिकण्यात जातं आणि उरलेलं अर्धं तो जिवंत ठेवण्यात.

तो जिवंत ठेवण्यासाठी त्यांनी जे उपाय केले त्यांना तोड नाही. कुणीतरी सांगितलं की गिटारीचं अंग जड असलं की तार जास्त वेळ कापत राहते. गोष्ट तशी खरी आहे. पण अप्पांनी ती जिनिंगच्या मापाने घेतली. भंगारातली एक लोखंडी पाटी त्यांनी गिटारीच्या पाठीला चार नटबोल्टांनी ठोकली. सूर थोडा लांबला, आणि पहिल्याच भजनात खांद्याचा पट्टा तुटून गिटार तबलजीच्या मांडीवर पडली. तबलजी दोन आठवडे उभ्याने जेवत होता. पुढच्या भजनाला अप्पा मशीनचा रबरी पट्टा लावून आले. “आता तुटंना. ह्या पट्ट्यावर आख्खं जिन चालतंय,” म्हणाले. पट्टा तुटला नाही, खांदा गेला. पाटी काढली.

मग मी नांदेडहून ती डबी आणली. कॉम्प्रेसर म्हणतात तिला. हाताच्या पंजाएवढी, एक लाल दिवा आणि दोन बटणं. एक आवाज किती ठेवायचा त्याचं, दुसरं सूर किती लांबवायचा त्याचं. गिटारीची वायर तिच्यातून घ्यायची आणि डबी पायाशी ठेवून पायाने चालू-बंद करायची, अशी जगाची रीत. अप्पांनी डबी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारलं, “पायानं?”

“हो अप्पा. हात गिटारीवर असतात ना.”

“सुराच्या डबीला पाय लावायचा? गळ्यात लिंग हाय माझ्या, लेका. पेटीला कुनी पाय लावलाय का आजवर?”

मी बरंच समजावलं. शेवटी त्यांनी डबीला भस्माचं बोट लावलं आणि ती माझ्या टेबलावर मिक्सरशेजारी ठेवली. “तुझ्या हातानं चालव. हात चालंल.” त्या दिवसापासून अप्पांच्या सुराची लांबी माझ्या उजव्या हाताशी आली. सगळ्या दुनियेत ही डबी वादकाच्या पायाशी असते. आमच्याकडे ती बटनरावाच्या टेबलावर, रुमालावर ठेवलेली असायची.

डबी नेमकं काय करते हे मला तेव्हा कळत नव्हतं. अप्पांना दोन दिवसांत कळलं. “हे बग, आमच्या प्रेसवानी हाय,” ते म्हणाले. “सैल कापूस टेम्पोत भरला की मधी डोंगर आन् कडंला खड्डे. दाबला की डोंगर बसतो, समदीकडं सारखं व्हतंय. सूर बी तसाच. तार छेडली की पयल्यांदा डोंगर, मग उतार, मग काईच न्हाई. ही डबी डोंगराचं डोस्कं दाबती, आन् मग समदा सूर वर उचलून धरती. शेपूट लांबत न्हाई बटनराव, शेपूट दिसायलंय.” पुढे मी पुण्याला चार दिवसांचं साउंडचं शिबिर केलं, तिथे हेच तक्ते काढून शिकवलं. अप्पांना ते चहा निवायच्या आत सांगता आलं होतं.

डबीचा एक दुर्गुण होता. ती सूर उचलून धरते तशी सूर नसताना घरघरही उचलून धरते. एका खेड्यात दुपारच्या शिवभजनाला लाइट गेली आणि जनरेटर लावला. अप्पांची तार थांबली की डबीतून जनरेटरची ‘हूंऽऽ’ हळूहळू वर यायची. कीर्तनकार महाराजांनी डोळे मिटले आणि त्या हूं-मधून षड्ज घेतला. थोड्या वेळाने कुणीतरी दोन कूलर लावले. जनरेटर दबला, हूं खाली आली, महाराजही तिच्यासोबत खाली आले. पेटीवाला बिचारा पट्ट्या शोधत घामाघूम. कूलर बंद केले, महाराज परत वर. भजन संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, “तानपुरा लई सुरात लावला होता बरं का. मला जिथं जायचं होतं तिथं आधीच जाऊन बसलेला.” अप्पा माझ्या कानाशी लागले. “बटनराव, जा, जनरेटरच्या पाया पडून ये.”

अप्पांची खरी कीर्ती झाली ती लग्नांतून. मंगलाष्टकं संपली आणि नवरानवरी हार घालायला लागले की अप्पा वरच्या पट्टीतला एक सूर छेडायचे आणि डाव्या हाताची अनामिका तारेवर बारीक हलवत तो धरून ठेवायचे. बोट दांडीवरच्या पट्टीच्या अगदी कडेला, दाब जेवढ्यास तेवढा. “जादा दाबलं की सूर रडतो, कमी दाबलं की खोकतो,” असं ते म्हणत. हळूहळू एक रीतच पडली. अप्पांचा सूर चालू आहे तोवर अक्षता टाकायच्या, सूर संपला की टाळ्या. लोक मोठ्याने आकडे मोजायचे. वीसपर्यंत सहज जायचे. गंगाखेडात तारीख ठरवताना भटजी-जंगमाआधी अप्पांना विचारून घेणारी घरं मी पाहिली आहेत.

डबी माझ्या टेबलावर, तीही रुमालाखाली. त्यामुळे ती हळूहळू सगळेच विसरले. लोक विसरले हे ठीक, अप्पाही विसरले. “बोटाची मेहनत हाय,” ते लोकांना सांगायचे, आणि ते खोटं नव्हतं. पण लोकांनी बोट बघितलं, बटण कुणी बघितलं नाही.

आता माझ्या पापाकडे येतो. पुण्याहून मी शिबिर करून आलो तो एक नवा धर्म घेऊन आलो. तिथल्या सरांनी सांगितलं होतं, सुराला श्वास हवा, फार दाबलात तर तो मरतो. हे त्यांनी कुणाला उद्देशून सांगितलं होतं कोण जाणे, पण मी ते गंगाखेडला आणलं. येता-जाता अप्पांना सांगू लागलो, “अप्पा, आपण सूर फार दाबतोय. नैसर्गिक राहिला पाहिजे.” अप्पा म्हणाले, “नैसर्गिक कापूस झाडावर आसतोय बटनराव. तिथून पुढं समदं दाबलेलंच.”

मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो की पुढे जे केलं ते या तत्त्वासाठी केलं. ते तसं नव्हतं. त्याच महिन्यात परभणीच्या एका लग्नात अप्पांचा सूर बावीसपर्यंत गेला. यजमानांनी अप्पांना शाल घातली, नारळ दिला, फोटो काढले. मी पुढे झालो, मला वाटलं फोटोत घेतील. यजमान मला म्हणाले, “भाऊ, तेवढी वायर बाजूला घ्या, पायात यायलीय.” मी वायर बाजूला घेतली. ती वायर मी अजून बाजूला घेतोच आहे, असं मला कधी कधी वाटतं.

त्यानंतर पाथरीला अप्पांच्या पुतणीचं लग्न. तिने आधीपासून बजावलेलं, “काका, माझ्या लग्नात सगळ्यात लांब झाला पाहिजे.” मंडप भरलेला. मंगलाष्टकं संपत आली तेव्हा मी रुमालाखाली हात घातला आणि लांबीचं बटण उलटं फिरवून शून्यावर नेलं. आज लोकांना कळू दे बटणाची किंमत, एवढाच विचार होता. एवढ्यासाठी पुण्याच्या सरांचं नाव मी उगाच वापरलं.

अप्पांनी तार छेडली. सूर निघाला, झकास निघाला. अक्षता उडाल्या, लोक मोजायला लागले. पाच, सहा, सात. आणि सूर संपला. सगळ्या मंडपाचे हात अक्षता धरून वरच राहिले. नवरीचा हार नवऱ्याच्या नाकापर्यंत गेला होता, तिथेच थांबला. फोटोग्राफर ओरडला, “थांबा, थांबा, मी तयार नव्हतो!” टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला समजेना. नवऱ्याकडचे एक मामा मोठ्याने म्हणाले, “अप्पा, आता वय झालं, आराम करा.” आणि लोक हसले.

अप्पा माझ्याकडे वळले. “डबी चालू हाय ना रं?”

“हाय की अप्पा. दिवा लागलाय,” मी म्हणालो.

दिवा खरंच लागला होता. या एका वाक्यावर मी पुढची दोन वर्षं झोपलो. अप्पांनी आपल्या अनामिकेकडे बघितलं. नांगराच्या तासात मधेच बसलेल्या बैलाकडे शेतकरी बघतो तसं. रागाने नाही, काळजीने. मग गिटार काढून चादरीत गुंडाळली. त्यानंतर ती त्यांनी गळ्यात घातली नाही.

पुढची दोन वर्षं माझ्या बटणाचा इलाज अप्पांच्या बोटावर चालला. आधी स्पंजचा चेंडू दाबणं. मग रोज सकाळी कोमट तिळाचं तेल. त्याने होईना म्हणून परभणीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बोट बघून मानेचा फोटो काढला आणि मानेला पट्टा दिला. जिनिंगमधले लोक विचारायचे, “अप्पा, बोट दुखायलं ना? मग पट्टा मानंला काहून?” अप्पा मान न वळवता, अख्खं अंग वळवून सांगायचे, “वायरिंग वरून हाय.”

मग कुणीतरी राणीसावरगावच्या हाडवैद्याचं नाव काढलं. तिथे त्यांना मोटारसायकलवर कोण घेऊन गेलं? मी. पाच वेळा. पहिल्याच फेरीला ठरवलं होतं की वाटेत सांगून टाकायचं. गाव मागे पडल्यावर मी म्हणालो, “अप्पा, तुम्हाला एक सांगायचंय.”

“खड्डा!” अप्पा ओरडले.

खड्डा चुकवला. परत म्हणालो, “अप्पा, ते पाथरीला...”

“आरं म्हैस, म्हैस! आदी म्हशीकडं बग, मंग पाथरीकडं बग.”

राणीसावरगावच्या वैद्यांनी बोट हातात घेऊन डोळे मिटले आणि ‘शीर आडकलीय’ असं निदान केलं. मग ते बोट असं काही ओढलं की कडकन आवाज झाला आणि अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. वैद्य मला म्हणाले, “लेक का तुमी यांचे?” अप्पाच बोलले, “लेकापरीस जादा हाय.” परत येताना मी पाथरीचं नाव काढलं नाही. त्या दिवशी म्हशीसुद्धा आडव्या आल्या नाहीत.

अप्पांच्या घरी गेलो की काकू भाकरी वाढायच्या आणि म्हणायच्या, “तुमच्यावानी पोटचं पोरगं बी करंना आजकाल.” मी ताटातल्या चटणीची तारीफ करायचो. एकदा तर मी मोबाइलवर सगळं बोलून अप्पांना आवाजी निरोप पाठवला. पाठवताक्षणीच घाबरून पुसून टाकला. अप्पांचा फोन आला, “बटनराव, काय पुसलंस रं?” मी म्हणालो, “चुकून दुसऱ्याला जायचं होतं.” हे दुसरं खोटं. आणखी मोजायला गेलो तर माझी बोटं पुरणार नाहीत, आणि बोटांचा विषय मला आधीच नको आहे.

गेल्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, अप्पा माझ्या दुकानात आले. मानेला पट्टा, काखेत चादरीत गुंडाळलेली गिटार. ती त्यांनी मिक्सरच्या टेबलावर ठेवली.

“ही तुला,” म्हणाले. “घरात हाय तवर बोट वळवळतंय, आन् मंग मनाला तकलीफ. दुसऱ्याच्या हातात द्यायचं मन न्हाई. तू माझं लय केलंस.”

मी चादरीला हात लावला आणि मागे घेतला. माझ्या लक्षात आलं की ही गिटार एकदा दुकानात राहिली की मी मरेपर्यंत बोलणार नाही. रोज तिच्यावरची धूळ पुसेन आणि त्याला प्रायश्चित्त म्हणेन. मला स्वतःची एवढी ओळख आहे.

“अप्पा, तुमचं बोट चांगलं आहे,” मी म्हणालो. “पाथरीला बटण मी शून्यावर नेलं होतं.”

अप्पा तिथल्या स्पीकरच्या खोक्यावर बसले. “कोनतं बटन?”

“डबीचं. लांबीचं.”

“दिवा लागलाय म्हनला हुतास.”

“दिवा लागला होता. बटण शून्यावर होतं.”

अप्पा अगदी मऊ आवाजात म्हणाले, “चुकून फिरलं आसंल. रुमाल आडकला आसंल.”

दार त्यांनीच उघडून दिलं होतं. ‘हो’ म्हटलं की सुटलो असतो, आणि मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलंही होतं.

“नाही अप्पा. मुद्दाम फिरवलं.”

“काहून?”

“लोक तुम्हाला शाल घालत होते. मला वायर उचल म्हणत होते.”

अप्पांनी माझ्याकडे बघण्यासाठी मान वळवायचा प्रयत्न केला, ती वळेना, मग एकदम त्यांना पट्ट्याची आठवण झाली. तो ओढून काढून त्यांनी टेबलावर आपटला. “दोन साल! दोन साल मानंला पट्टा बांदून फिरायलोय मी! झोपताना बी! आन् त्या रानीसावरगावच्या मानसानं बोट उपटायचं ठेवलं हुतं फकस्त! आरं, शाल पायजे हुती तर सांगायचं की लेका, अर्दी फाडून दिली आसती!”

अप्पांचा श्वास थोडा खाली बसला. मग त्यांनी विचारलं, “किती मोजलं हुतं त्या दिशी लोकायनं?”

“सात.”

“डबीबिगर?”

“डबीबिगर.”

“निसत्या बोटाचे सात?” अप्पांनी अनामिका डोळ्यांसमोर धरली आणि तिच्याकडे पहिल्यांदाच भेटल्यासारखं बघितलं. “सात काय कमी हायेत का रं?”

“कमी नाहीत अप्पा. मला तेव्हाही ते कळलं होतं.”

मी पायाशी वाकलो. अप्पांनी पाय मागे घेतला.

“माज्याकडं कशाला माफी मागायलास? माजं काय गेलंय? हाल झाले ते ह्याचे.” त्यांनी अनामिका माझ्या नाकासमोर धरली. “ह्याला माग.”

पन्नाशीला आलेला माणूस मी, दुकान उघडं, समोर रस्ता वाहता. शेजारचा सायकलवाला काम सोडून बघत होता. मी ते बोट दोन्ही हातांत धरलं.

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“मोठ्यानं,” अप्पा म्हणाले. “दोन साल तेल मुरलंय त्येच्यात, आयकू कमी येत आसंल.”

“चुकलं माझं,” मी मोठ्याने म्हणालो. “तुझ्यात काही दोष नव्हता. मी मुद्दाम केलं होतं. मला माफ कर.”